नव्या नियमावलीवरून आमचा रविवारचा गट फुटण्याच्या बेतात आहे

दादरचा_डीएम

नमस्कार. गेली सहा वर्षे आम्ही सहा जण एक रविवार सोडून दादरला माझ्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रे घेऊन, फासे टाकत कथा पुढे नेण्याचा खेळ खेळतो. एक जण विरारहून येतो, दोघी डोंबिवलीहून येतात, त्यामुळे मेगाब्लॉक कुठे आहे हे पाहिल्याशिवाय आमची वेळ ठरत नाही. आम्ही पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम वापरतो. २०२४ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा चालू मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एकच कथा, संपेपर्यंत हा विषय काढायचा नाही, असे आम्ही ठरवले होते. मोहीम गेल्या महिन्यात संपली आणि विषय निघालाच.

फायटर (योद्धा) खेळणाऱ्या मित्राला नवे नियम हवे आहेत. बराच वेळ थांबून पाळी आली की तलवार चालवायची आणि पुन्हा थांबायचे, हे त्याने सहा वर्षे निमूटपणे केले. नव्या नियमांत शस्त्रागणिक वेगळी खुबी आहे, म्हणजे मोठ्या कुऱ्हाडीचा घाव शेजारच्या शत्रूलाही लागू शकतो आणि युद्धहातोड्याने शत्रूला मागे रेटता येते. उलट पॅलॅडिन (धर्मयोद्धा) खेळणाऱ्या मैत्रिणीचा 'डिव्हाइन स्माइट' हा जादा दैवी तडाखा पूर्वी लागलेल्या प्रत्येक घावाला जोडता येत असे. आता तो बोनस ॲक्शनचा (पाळीत एकदाच मिळणाऱ्या जोड-कृतीचा) मंत्र झाल्यामुळे एका पाळीत एकदाच वापरता येतो. "माझे पात्र मला न विचारता कोणीतरी दुरुस्त केले," असे ती म्हणाली. दोघे या बाजूला, दोघी त्या बाजूला, एक जण तटस्थ, आणि व्हॉट्सॲपवर आठवडाभर शुकशुकाट आहे.

फरक तसा बेताचाच असताना माणसे इतकी का दुखावतात, आणि गट न मोडता यातून वाट कशी काढावी?

जुने_फासे

फूट पडणे हे फरक लहान की मोठा यावर अवलंबून नसते, असे माझे मत झाले आहे. तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि २००३ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत, तिची 'साडेतीन' आवृत्ती काढून लोकांना तीच पुस्तके पुन्हा घ्यायला लावली. पैशांवरून कुरकुर झाली, पण जुनी पुस्तके थोड्या डागडुजीने चालत होती आणि मागे थांबून राहण्यासारखे दुसरे ठिकाणही नव्हते. त्यामुळे बहुतेक लोक पुढे सरकले.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीचे तसे झाले नाही. तिच्यावर आजही जितकी टीका होते तितकी ती वाईट नव्हती. राक्षसांची माहिती सुटसुटीत असल्यामुळे डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, तयारी खूप हलकी झाली होती, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु तिने फायटर आणि विझार्ड (जादूगार) यांना एकाच साच्यात बसवले: काही शक्ती हव्या तेव्हा, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. ज्याने आठ वर्षे बसून कोणता मंत्र कोणत्या मंत्राबरोबर जुळतो याचा अभ्यास केला होता, त्याची ती विद्या एका रात्रीत निरुपयोगी ठरली. माणूस दुखावतो तो इथे. पुस्तकांचे पैसे विसरता येतात, पण कमावलेले कसब बाद झालेले सहन होत नाही.

तरीही नुसत्या दुखावण्याने समाज दुभंगत नाही. तिसऱ्या आवृत्तीबरोबर प्रकाशकाने, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टने, 'ओपन गेम लायसन्स' काढून मूळ नियम इतरांनाही वापरायला मोकळे केले होते. पायझो ही कंपनी 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही मासिके छापत असे. २००७ मध्ये तिच्याकडून ती काढून घेण्यात आली, आणि चौथ्या आवृत्तीचा परवाना बराच जाचक निघाला. पायझोने साडेतीनचेच खुले नियम घेतले, ते २००८ मध्ये खेळाडूंकडून जाहीरपणे तपासून घेतले आणि ऑगस्ट २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा स्वतःचा खेळ बाजारात आणला. म्हणजे नाराज माणसाला केवळ जुनी पुस्तके कवटाळून बसावे लागले नाही. त्याच्या ओळखीच्या नियमांवर नवी साहसे नियमित येत राहिली. जायला घर तयार होते, म्हणून लोक गेले.

१९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हाही जुनी माणसे पत्रांत ते देतच राहिली, पण शाळेची पुस्तके नव्या नियमांनी छापली जाऊ लागल्यावर पुढच्या पिढीपुढे दुसरा मार्ग राहिला नाही. खेळाला पाठ्यपुस्तक मंडळ नसते, हा यातला मोठा फरक.

कागदपेन्सिल

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. या वेळी राग नियमांपेक्षा अविश्वासाचा अधिक आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्या जुन्या परवान्यात बदल करण्याचा मसुदा फुटला, इतका गदारोळ झाला की त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीला पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळे करावे लागले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियाँड या खेळाच्या अधिकृत ॲपवर लोकांच्या पात्रांच्या पानांतले जुने मंत्र काढून त्या जागी नवे बसवण्याचे जाहीर झाले, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला. आपल्या पॅलॅडिनवाल्या मैत्रिणीचे वाक्य या पार्श्वभूमीवर वाचले, तर ते आततायी वाटत नाही. कपाटातले पुस्तक कोणी घरात येऊन बदलून जात नाही. ॲपमधल्या पानाबद्दल ती खात्री देता येत नाही.

पार्ल्याची_चेटकीण

वाट काढण्याबद्दल कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते. २००९ मध्ये आमचा पार्ल्यातला सात जणांचा गट याच पाथफाइंडर आणि चौथ्या आवृत्तीच्या वादात चार आणि तीन असा फुटला. डीएम एकच होता आणि तो चौघांबरोबर गेला. तिघांनी आळीपाळीने डीएम होण्याचा प्रयत्न केला, तो तीन बैठका टिकला. चौघांपैकी एकाची बदली पुण्याला झाली, आणि दिवाळीपर्यंत दोन्ही टेबले बंद पडली. पुस्तकांत वाचतो ती फूट हजारो लोकांची असते, त्यात दोन्ही बाजूंना माणसे शिल्लक राहतात. मुंबईत चार तास मोकळे असलेला, लोकलने यायला तयार असलेला सातवा खेळाडू शोधणे म्हणजे दिव्य आहे.

आपल्याकडे एक सोय आहे, जी आम्हाला नव्हती. २०१४ आणि २०२४ चा सांगाडा एकच आहे. प्रावीण्याचा बोनस (पात्राला जे चांगले जमते त्यात फाशावर मिळणारी भर) दोन्हींत +२ ते +६ असाच वाढतो, त्यामुळे फायटर नवा आणि पॅलॅडिन जुना असे एका टेबलावर चालू शकते. मात्र मंत्र कोणत्यातरी एकाच पुस्तकातले घ्या. 'क्युअर वूंड्स' या जखमा भरण्याच्या मंत्राला जुन्यात आठ बाजूंचा एक फासा आहे आणि नव्यात दोन. एकाच जखमी माणसावर दोन भाव चालू झाले की भांडण पुन्हा तिथूनच सुरू होईल. स्माइटला अपवाद करायचा असेल, तर तो पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर कागदावर लिहून ठेवा.

दादरचा_डीएम

सर्वांचे आभार. आजच दोघींना फोन केला. पॅलॅडिन जुना, शस्त्रे नवी, मंत्र २०२४ चे, आणि पाच बैठकांनंतर पुन्हा मत घ्यायचे, इथपर्यंत गाडी आली आहे. तटस्थ मित्राने या निमित्ताने प्रथमच तोंड उघडले: त्याला मुळात विझार्ड नको होता, पात्रांच्या टोळीत दुसरा कोणी विझार्ड नव्हता म्हणून तो सहा वर्षे खेळत राहिला. आता त्याला बार्ड (गाण्यातून जादू करणारा) हवा आहे, आणि विझार्ड कोण होणार यावर नवी चर्चा सुरू झाली आहे.