बाल्कनीत रोज संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसावं असं वाटतं. काय लावू?

मांजलपूरची_सून
बडोद्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनी पश्चिमेची, १० बाय ४ फूट, लोखंडी जाळी आहे. घरात सासूबाई (गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही), मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. संध्याकाळी सगळे घरात असतात, पण आपापल्या खोलीत. रोज अर्धा तास टीव्ही-मोबाइल न लावता एकत्र बसावं आणि मुलांना खरंच बघण्यासारखं काही असावं, एवढंच हवं आहे. सध्या तुळस आणि दोन मनीप्लँट आहेत. कबुतरांचा त्रास आहे. कोणती झाडं लावू? पक्ष्यांना दाणे ठेवू का?

कुंडीतली_माती
ताई, पश्चिमेचं ऊन तुमच्या उपयोगाचं आहे. संध्याकाळी उमलणारी झाडं लावा, म्हणजे तुम्ही बसाल नेमकं तेव्हाच समोर काहीतरी घडत असेल.

पहिली मधुमालती. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात, त्यामुळे कुठलं फूल आजचं आणि कुठलं शिळं हे चार वर्षांच्या मुलीलाही ओळखता येतं. वेल मोठी होते, १६ ते १८ इंची कुंडी लागेल. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). ही कुंडी ओली झाली की ५० किलोच्या पुढे जाते, म्हणून भिंतीलगतच्या कोपऱ्यात ठेवा, कठड्याच्या मध्यावर नको. शेणखताचा मारा केलात तर नुसता पाला वाढेल. बहर सरला की छाटा, कारण फूल नव्या फुटीवर येतं.

दुसरी गुलबक्षी. उन्हं कलली की उमलते, सकाळी मिटते, ढगाळ दिवशी जरा लवकर उघडते. बी रात्रभर भिजवून इंचभर खोल पेरा, आठ-दहा दिवसांत उगवते, साधारण दोन महिन्यांत फूल. तिचं काळं मिऱ्यासारखं बी विषारी असतं. घरात लहान मूल आहे, तेव्हा बी पिकायच्या आत खुडून टाका. मुलांच्या हाताशी रुईही नको, तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

मोगरा हवा असेल तर पाच-सहा तास ऊन आणि फेब्रुवारीत कडक छाटणी. छाटणी टाळली की फांद्या लांबतात आणि कळ्या मोजक्याच येतात.

दयाळ_आणि_बुलबुल
दाणे अजिबात ठेवू नका. दाण्यांवर कबुतरंच येतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट, घरात वयस्क माणूस असताना तर नकोच. पाणी ठेवा. कबुतरं पाण्यावरही येतील, पण दाणे नसले की ठाण मांडून बसत नाहीत.

मातीचं पसरट परळ घ्या, १२ ते १४ इंची, आतून खरखरीत. काठाशी एक इंच, मध्ये जास्तीत जास्त दोन इंच पाणी. गुळगुळीत चिनी मातीचं नको, पाय घसरला की पक्षी परत येत नाही. मध्ये एक चपटा दगड ठेवा. पाणी रोज बदला, दर दोन-तीन दिवसांनी काथ्याने घासा, साबण नको. आठवडाभर पाणी साचलं की डास होतात. एप्रिल-मेमध्ये तुमच्या बाजूला दुपारी पाणी तापेल, तेव्हा परळ सावलीत सरकवा आणि चारच्या सुमाराला पाणी पुन्हा बदला. सरावायला पक्ष्यांना दोन-तीन आठवडे लागतात. बुलबुल आणि साळुंकी पाण्यावर येतील. शिंजीर मात्र फुलांसाठी येतो, एखादी जास्वंद लावाच.

आणि वेळ घड्याळावर बांधू नका. बडोद्यात जूनमध्ये सूर्य साडेसातच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात सहाच्या आसपास. बहुतेक घरांत हा बेत तिथेच मोडतो: सहाची वेळ ठरते, उन्हाळ्यात ऊन तोंडावर येतं आणि थंडीत अंधार पडू लागलेला असतो. सूर्यास्ताआधी अर्धा तास, असंच ठरवा. हिवाळ्यात कधी सगळ्यांना घेऊन अगाशीत (गच्चीवर) जा. भोरड्या (गुलाबी मैना) थंडीत गुजरातेत असतात, झोपायला जाण्याआधी त्यांचे थवे आकाशात एकदम वळतात, तो देखावा चुकवू नये.

अगाशीवाली_मावशी
सासूबाईंसाठी हातांची खुर्ची घ्या, बैठक १८ इंच उंच. मोडा (वेताचं बुटकं आसन) किंवा पाट नको, उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. दोन-तीन कुंड्या दोन-अडीच फुटी स्टँडवर ठेवा, म्हणजे बसल्या जागी पाणी घालता येईल. झारी लिटरभराची, पाच लिटरची उचलवत नाही. परळ भरायचं काम मुलीचं. देवाची फुलं आजी काढतील, पण मधुमालतीचे घोस वेलीवर राहू द्या, तिचे रंग पालटताना बघायचे आहेत. अंधार पडू लागला की बाल्कनीतली ट्यूब बंद ठेवा. मधुमालतीवर रात्री मोठे पतंग येतात, त्यांना अंधार लागतो.

मांजलपूरची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला आणखी काहीतरी स्वतःचं हवं आहे. फुलपाखरं येतील का?

कुंडीतली_माती
येतील. कढीलिंब लावा, नर्सरीत 'मीठो लीमडो' मागा. १२ इंची कुंडी पुरते. आणल्यावर पहिला महिनाभर अंडी-अळ्यांची आशा धरू नका, नर्सरीतली फवारणी पानांत असते. नंतर तुम्हीही काही फवारू नका, कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही.

कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर, एकेकटं अंडं शोधायला सांगा. तीन-चार दिवसांत अळी निघते. आधी ती चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून शत्रूला फसवते, शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते. हलकेच डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन फुटी झाड तीन-चार अळ्याच पोसू शकतं, जास्त असतील तर दुसरी कुंडी किंवा लिंबूच्या झाडाची डहाळी द्या. खाणं संपलं की ती झाड सोडून भिंतीवर भटकते. तेव्हा घाबरून उचलू नका, जवळ दोन वाळक्या काटक्या टेकवून ठेवा. कोष काटकीवर झाला तर बहुधा तपकिरी, हिरव्या फांदीवर झाला तर हिरवा. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघतं, थंडीत जास्त दिवस लागतात. ते बहुतेक सकाळीच बाहेर येतं, तेव्हा कोष गडद होऊन पंखांची नक्षी आतून दिसू लागली की दुसऱ्या दिवशी मुलाला लवकर उठवा. पंख वाळेपर्यंत, तासभर तरी, त्याला हात लावू नये.