मदत हवी आहे: सीएनजीचा हाय-प्रेशर फिल्टर बदलताना लाइनमधलं प्रेशर कसं उतरवायचं?

नमस्कार मंडळी. पुण्यात टॅक्सी चालवतो, गाडीला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट (इंजेक्टरने गॅस सोडणारं) बसवलंय. चढावर गॅसवर पिकअप मार खातो, पेट्रोलवर गाडी ठणठणीत. प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत, गॅस सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) मुदतीत आहे. रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) आणि इंजेक्टर रेल (इंजिनला गॅस सोडणाऱ्या इंजेक्टरची पट्टी) यांच्या मधला लो-प्रेशर फिल्टर काढला तर आत काळं चिकट तेल; पंपाच्या कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर येतं तेच. तो नवा टाकल्यावर फरक पडला, पण पुरता नाही. आता संशय रिड्यूसरच्या तोंडाशी असलेल्या हाय-प्रेशर फिल्टरवर आहे.

२०० बार प्रेशरच्या लाइनला मी स्वतः पाना लावणार नाही, काम मेकॅनिककडूनच करून घेणार. पण तो म्हणतो, "सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नट सैल करा, उरलेला गॅस फुस्सकन जातो." हे मला अजिबात पटत नाही. व्हॉल्व्ह बंद करून इंजिन चालवलं तरी प्रेशर उतरल्यावर गाडी आपोआप पेट्रोलवर जाते, म्हणजे थोडा गॅस लाइनमध्ये उरतोच.

तो उरलेला गॅस सुरक्षितपणे कसा काढायचा? ओ-रिंग (जोडातलं रबरी सील) दर वेळी नवीच घालायची ना? आणि जोडणीनंतर साबणाचं पाणी पुरतं, की लीक डिटेक्टर लावायलाच हवा?