सोलापूर: विमान आलं, मागाचं काय?

पूर्वभागकर
15 जून 2023 ला विमानाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान उडालं, मग मुंबईचं. विमान कंपनीला तोटा झाला तर सरकार भरून देणार. आता आयटी पार्कचं चाललंय. एवढी धावपळ यंत्रमागवाल्यासाठी कधी झाली? लाईट एक मिनिट गेली तरी माग थांबतो, परत चालू केला की टॉवेलवर तिथं आडवा पट्टा उमटतो. नग गेला सेकंड क्वालिटीत. हा तोटा कोण भरून देतं?

हिंजवडीतला सोलापूरकर
भाऊ, कुठल्या मागवाल्याला आपलं पोरगं मागावर बसावं असं वाटतं? एकाचं नाव सांगा. पोरं पुण्याला चाललीत ती शिकून. आयटी पार्क खरंच झाला तर माझ्यासारखे निम्म्या पगारावरही परत येतील. (बायको तयार असेल तर.)

पूर्वभागकर
निम्म्या पगारावर! आधी पाण्याचं विचारा घरच्यांना. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं आणि त्यानंतरही कित्येक वर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पाणी येतं ते उजनी धरण इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. कंपनीवाला आधी हेच विचारणार.

टॉवेल एक्स्पोर्ट
दोघांचंही अर्धंच पटतंय. विमान हवंच. परदेशातलं गिऱ्हाईक पुण्यात उतरून चार तास गाडीत बसायला तयार नसतं, मग ते तमिळनाडूतलं करूर गाठतं. चादरीला, टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण पानिपतचा माल रस्त्यावर ‘सोलापुरी’ म्हणून खपतो तेव्हा कारवाई कोण करतं? महापालिकेला हे जमणारं काम नाही, पण संघटनांनी तरी पाठपुरावा कुठं केला? त्यापेक्षा गणवेशवाले शहाणे. प्रदर्शनं भरवली, बाहेरचा व्यापारी इथं आणला.

पूर्वभागकर
गिऱ्हाईक रेट बघतं हो, विमानतळ नाही. नमुने कुरियरने जातात. आणि एक राहिलंच. विमान उडायच्या तीन आठवडे आधी, 18 मे 2025 ला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. मालकाच्या घरचे आणि कामगार, दोन्ही. माणसं कारखान्यातच राहायला होती. ‘उद्योगाला चालना’ म्हणून भाषणं देणाऱ्यांनी त्यानंतर किती शेडांत पाऊल टाकलं? माझ्या शेजारच्या शेडात अजून जिन्याखाली सुताची बाचकी रचून ठेवलीत.

हिंजवडीतला सोलापूरकर
हे मान्य. पण त्यात विमानाचा काय दोष? दोन्ही होऊ शकतं.

टॉवेल एक्स्पोर्ट
होऊ शकतं, पण पूर्वभागकर, तपासणीला माणूस आला की ‘उद्योजकांना त्रास देतात’ म्हणून असोसिएशनकडे पहिला फोन आपल्यातलाच कुणीतरी करतो ना? शेजाऱ्याला ती बाचकी हलवायला सांगितलीत का?

पूर्वभागकर
सांगितलं. ‘सीझन संपू दे’ म्हणाला.