वीजप्रवाह शिकवताना पाण्याची उपमा कुठे सोडावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंदूरला राहते, भाची दहावीत आहे, तिला मी विज्ञान शिकवते.

जलूदहून पंपाने चढवलेलं नर्मदेचं पाणी आपल्या नळाला येतं, तसं बॅटरी म्हणजे पंप, असं सांगितलं. विभवांतर (म्हणजे व्होल्टेज) तिला लगेच कळलं. मग म्हणाली, "मावशी, नळाचं पाणी आपण वापरून टाकतो, मग बल्बपण करंट खाऊन टाकतो का?" आणि पाइप तुटला तर पाणी वाहतं, तार तुटली तर प्रवाह का थांबतो?

म्हणून सायकलची चेन घेतली. पॅडल मारताच सगळ्या कड्या एकदम हलतात, कडी कुठे खर्च होत नाही. १ चौरस मिमी तांब्याच्या तारेत १ अँपिअरला इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम ०.०७ मिमी सरकतात, तरी बल्ब लगेच का लागतो, तेही यातून पटलं. (मला स्वतःला ही उपमा फार आवडते.) पण समांतर जोडणीत प्रवाह वाटला जातो, तिथे चेन अडते.

तर शिक्षक मंडळींनो, दोन्ही उपमा सांगाव्यात, की सरळ धातूतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांपासून सुरुवात करावी? मुलांचा गोंधळ कशाने कमी झाला, तेवढं कृपया सांगा.