क्रूझ रद्द केली, आगाऊ भरलेल्या पैशांचं काय झालं? (अनुभव धागा)

फोंड्याची वहिनी
चवथ तोंडावर आली म्हणून काल कपाट उपसलं. शोधत होते नेवऱ्यांचे साचे, आणि हाती लागली तीन वर्षांपूर्वीच्या क्रूझची पावती. अक्षरं पार उडालीत, वरचं जहाजाचं चित्र तेवढं शिल्लक. बघितल्याबरोबर पोटात तोच जुना गोळा.

आबा आणि आईंच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. मुरगाव बंदरात चढायचं, लक्षद्वीप बघून यायचं. दोन केबिन, सहा माणसं, एकूण 1,48,000, त्यातले 37,000 आगाऊ. आणि आई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड. निघायला 41 दिवस होते, त्याच संध्याकाळी रद्द केली. एजंट म्हणाला, "मॅडम, डिपॉझिट नॉन-रिफंडेबल असतं." असेल बाबा, म्हटलं. हॉस्पिटलच्या धावपळीत भांडायला कोणाला वेळ होता.

आबा निवृत्त पोस्टमास्तर. छापील कागद दिसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. बुकिंगबरोबर आलेली तेरा पानांची पीडीएफ त्यांनी माझ्याकडून प्रिंट करून घेतली आणि आईंच्या खाटेशेजारी बसून वाचली. नवव्या पानावर होतं: 30 दिवसांच्या आधी रद्द केल्यास माणशी 1,500 कापून बाकी परत. म्हणजे 9,000 गेले, 28,000 यायला हवेत! एजंट म्हणाला ती जुनी अट. कंपनी म्हणाली एजंटला विचारा. मग व्हाउचर देऊ केलं, एका वर्षाचं. जिला संडासापर्यंत वॉकर लागतो तिला वर्षभरात बोटीवर चढवा म्हणे.

शेवटी मी 1915 वर, म्हणजे सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. आबांनी स्वतःच्या हातानं मराठीत पत्र लिहिलं, "महोदय, सविनय" वगैरे, नवव्या पानाची झेरॉक्स लावून रजिस्टर एडीनं पाठवलं. पाच महिन्यांनी 28,000 जमा. कशानं झालं देव जाणे, पण आबा आजही सांगतात की पत्रानं.

तुमचे आले का? कसे आले?

चोडणची पोर
मी रायबंदरहून फेरी पकडते. माणसाला फुकट, डिपॉझिट नाही, कॅन्सलेशन नाही. वारा पण तोच 😄

म्हापशाचा शुक्रवार
आमचे नाही आले. 22,000. बायको अजून दर भांडणात काढते. एवढंच लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

मडगाव-मार्केट
आमची सिंगापूरहून निघणारी होती, एजंटमार्फत. बाबांचा पासपोर्ट संपत आलेला, सहा महिने शिल्लक नव्हते, कोणाच्या लक्षातच नाही आलं. चूक आमचीच. एजंटानं स्वतःचा चार्ज कापून बाकी दिले, पण 5 टक्के टीसीएस म्हणून (पैसे घेतानाच वसूल करतात तो आयकर) घेतलेले होते त्याला हात वर. "ते सरकारला भरले, आता माझ्याकडे काय?" मी आठ दिवस जेवताना त्याला शिव्या घालत होते. मग आमच्या सीएनं 26एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून दाखवलं, रक्कम माझ्याच पॅनवर पडलेली. रिटर्न भरताना धरली, रिफंडमध्ये आली. परदेशी टूर पॅकेज घेतलं असेल तर हे बघाच, बरेच लोक सोडून देतात.

फोंड्याची वहिनी
@मडगाव-मार्केट हे मला माहीतच नव्हतं! नणंदेची दुबई रद्द झाली होती, तिला सांगते.

वास्को-बायणा
माझी उलटी गंमत. कंपनीनं पैसे दिले, मलाच मिळाले नाहीत. ज्या क्रेडिट कार्डानं भरले ते मी मधल्या काळात बंद करून टाकलं होतं, आणि रिफंड तर ज्या वाटेनं पैसे गेले त्याच वाटेनं परततो. कंपनी म्हणे दिले, बँक म्हणे तुमचं कार्डच नाही. कंपनीकडून रिफंडचा संदर्भ क्रमांक मागून घेतला (एआरएन म्हणतात त्याला), तो बँकेत दाखवला तेव्हा कुठे सापडले. बंद खात्यात क्रेडिट बॅलन्स म्हणून पडून होते बिचारे.
तेव्हा "प्रोसेस झालाय" म्हणाले की लगेच नंबर मागायचा.

सांखळीची मावशी
आम्ही काय क्रूझ बघितली नाही. आमच्या वेळी मुंबईची बोट होती, पणजीहून भाऊच्या धक्क्यापर्यंत. कोकण शक्ती आणि कोकण सेवक. डेकवर चादर टाकायची, शेजारी कोणाच्या फणसाचा वास, वेंगुर्ल्याला मालवणला पडावातून माणसं चढायची. मी अशी ओकले होते की मामांनी परत येताना एसटी धरली. पावसाळ्यात बोट बंद असायची. रद्द बिद्द काही नव्हतं, तिकीट काढलं की जायचंच.

डिचोलीचा दाजी
@मावशी फणसाचा वास आणि त्यात ओकारी 😂 माझी आई पण हेच सांगायची, फक्त फणसाच्या जागी सुके बांगडे.

सांखळीची मावशी
बांगडे पण होते.

एक सांगायचं राहिलं
सावध करायला लिहितेय, लाज वाटते पण लिहिते. रिफंड येईना म्हणून मी कंपनीचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधला. पहिला दिसला तो लावला. इतका गोड बोलला. म्हणाला एक अ‍ॅप टाका, स्क्रीन दिसली की मी फॉर्म भरून देतो. 18,000 परत आणायला गेले आणि 40,000 घालवून बसले. शेजारच्या मुलानं लगेच 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावला म्हणून त्यातले थोडे गोठवता आले, बाकी गेले ते गेलेच. नंबर घ्यायचा तो आपल्या बुकिंगच्या कागदावरचाच घ्या. घरी फक्त मोठ्या मुलीला माहीत आहे.

फोंड्याची वहिनी
अगं बाई. लाज तुला कसली, ती त्या मेल्याला वाटायला हवी. आमच्या बँकेतल्या साहेबांचे पण असेच गेलेत, आता बोल.

चोडणची पोर
ताई 🫂 आईला वाचून दाखवलं. तिनं सगळे कागद काढून डायरीत नंबर लिहायला घेतलेत.

कोर्टाची पायरी
आबांना माझा नमस्कार सांगा वहिनी, अर्धे वकील नववं पान वाचत नाहीत.
घाईत लिहितोय. 1915 म्हणजे मध्यस्थी, तिथे निकाल लागत नाही. कंपनी बधली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 चा कायदा आल्यापासून आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो नाही तर दिल्लीत. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत. ऑनलाइन दाखल होते. वकील लावायलाच हवा असं नाही (हे मी लिहिलंय ते आमच्या बार रूममध्ये सांगू नका).
स्वतःच्याच अटीप्रमाणे पैसे देत नाहीत ही सेवेतली त्रुटी, सोपी केस. मुळात अटच अन्यायकारक असेल तर तो वेगळा विषय, त्याची दाद राज्य आयोगात मागावी लागते.

म्हापशाचा शुक्रवार
@कोर्टाची पायरी आमचं 2020 च्या मार्चमधलं. कोविडमुळे त्यांनीच क्रूझ रद्द केली, व्हाउचर दिलं, ते पडून पडून संपलं. आता काही होतं का?

कोर्टाची पायरी
मुदत गेली दादा. उशीर माफ करा असा अर्ज देता येतो, पण तगडं कारण लागतं. खरं सांगायचं तर 22,000 साठी आता नका धावू.

म्हापशाचा शुक्रवार
बायकोला हे तुम्हीच सांगा.

बेती-पलीकडे
सगळेच तसे नसतात, म्हणून एक चांगलं लिहितो. भाच्याच्या वाढदिवसाला मांडवीत छोटी बोट ठरवली होती, 40 माणसं, 10,000 आगाऊ, कागद कसला नाही, फक्त तोंडी. ऑक्टोबर होता पण आदल्या रात्रीपासून असा झोडपला की काय सांगू. बोटवाल्यानं सकाळी सहाला स्वतः फोन केला. "भाऊ, आज मी माझ्या भावालाही घेऊन जाणार नाही." दुपारी जेटीवर बोलावलं, दहाच्या दहा हजार हातात, वर पिशवीत चार वेर्ल्या. म्हटलं ह्या कशाला? म्हणाला, पोराचा वाढदिवस आहे ना. केक घरीच कापला, माणसं सगळी बाल्कनीत आणि जिन्यावर.

डिचोलीचा दाजी
कुठला हा बोटवाला, नाव सांगा. म्हणजे मासे मिळतील.

बेती-पलीकडे
नाव सांगितलं तर तुम्ही सगळे पाऊस बघून बुकिंग कराल.

पर्वरीहून पुण्यात
माझं अजून चालू आहे. आज 67 वा दिवस. रोज "7 ते 10 कामकाजाचे दिवस" असं उत्तर येतं. त्यांच्या कामकाजाला किती सुट्ट्या आहेत ते तरी कळवा.
वहिनी, आबांच्या पत्राचा मसुदा मिळेल का? मस्करी नाही करत.

फोंड्याची वहिनी
मिळेल. त्यांनी कार्बन ठेवून लिहिलं होतं, प्रत फाइलला आहे. विचारलं तर म्हणाले, मुलाला फोनवर द्या, मी तोंडी सांगतो, कुठे काय अधोरेखित करायचं ते. दुपारी चारनंतर कर, आधी झोपतात.

मडगाव-मार्केट
वहिनी मग लक्षद्वीप झालं का शेवटी? आई कशा आहेत?

फोंड्याची वहिनी
आई ठीक, काठी घेऊन तुळशीपर्यंत जातात. लक्षद्वीप नाही झालं. त्या 28,000 तून न्हाणीची फरशी बदलली, खरखरीत बसवली.

चोडणची पोर
साचे मिळाले का पण?

फोंड्याची वहिनी
नाही गं. जाऊबाईंकडे असणार.