मुलुंडच्या घरचा पीसी लोअर परळहून वापरायचाय, पोर्ट फॉरवर्ड करूनही चालत नाही

मुलुंड_पूर्व

घरच्या डेस्कटॉपवर (विंडोज ११ होम) टॅलीचा डेटा आणि क्लायंटच्या फायली आहेत. दिवसा लोअर परळला असताना तो वापरता यायला हवा. इंटरनेट केबलवाल्याचं, १०० एमबीपीएस. राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून पीसीचा पडदा वापरायच्या सोयीचा) पीसीच्या १९२.१६८.०.१०५ ला फॉरवर्ड केलाय, फायरवॉलही पाहिली, तरी बाहेरून पोर्ट बंदच दिसतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतो, पण आयपी दाखवणाऱ्या साइटवर भलताच आकडा येतो. गडबड कुठे आहे?

दुसरं, पावसात वीज जाते, मग पीसी बंद पडतो तो बंदच राहतो. दिवसा घरी कुणी नसतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायला परवानगी नाही, पण स्वतःचा लॅपटॉप नेऊ शकतो.

तारजोड

वॅन आयपी १००.७२ आहे तिथेच उत्तर आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आयपी सीजीनॅटसाठी राखून ठेवलेत. म्हणजे तुमच्या केबलवाल्याने अनेक घरांना मिळून एकच पब्लिक आयपी दिलाय. साइटवर दिसतो तो आकडा त्याच्या यंत्रणेचा, तुमच्या राउटरचा नाही. बाहेरून आलेली जोडणी त्याच्याकडेच अडते, तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. त्यामुळे तुम्ही राउटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग करा, उपयोग शून्य. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असता तर गोष्ट वेगळी: तेव्हा फायबरचा डबाच राउटरचं काम करत असतो आणि त्याला ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून नुसतं पुढे पाठवायचं) टाकलं की बहुतेक वेळा सुटतं.

केबलवाल्याकडे जादा पैसे भरून स्टॅटिक पब्लिक आयपी मागता येतो. पण तो मिळाला तरी ३३८९ उघडा ठेवू नका. इंटरनेटवर हा पोर्ट शोधत फिरणारे बॉट रात्रंदिवस चालू असतात, पासवर्ड ठोकून बघतात. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी सापडली, तिच्यात तर जुन्या विंडोजवर पासवर्डचीही गरज नव्हती. पोर्ट बदलून ३३९० वगैरे केला तर लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. ते फॉरवर्डिंग आजच काढून टाका.

सीजीनॅटमागून सरळ मार्ग म्हणजे टेलस्केल, तुमची मशीनं एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप. आत वायरगार्ड (कूटबद्ध व्हीपीएन) आहे, आणि दोन्ही टोकं बाहेरच्या दिशेने जोडणी करतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. घरचा पीसी आणि तुमचा लॅपटॉप, दोन्हींवर एकाच खात्याने लॉगिन करा. पीसीला १०० ने सुरू होणारा एक आयपी मिळेल (तोही याच पट्ट्यातला असतो, केबलवाल्याच्या आयपीशी गल्लत करू नका). तो कायम राहतो.

मग दोन गोष्टी, ज्या हमखास राहून जातात. पीसीवर टेलस्केलच्या आयकॉनमधून प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'रन अनअटेंडेड' चालू करा. नाहीतर अपडेटनंतर पीसी रीस्टार्ट झाला की कुणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जोडलं जात नाही, आणि लॉगिन करायला घरी कुणी नाही. दुसरं, वेबवरच्या अॅडमिन पानावर त्या पीसीपुरतं 'की एक्स्पायरी' बंद करा. मूळ मुदत १८० दिवसांची असते, ती संपली की नेमका नको त्या दिवशी पीसी गायब. ज्या गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन कराल त्याला टू-स्टेप लावा, कारण आता तीच घराची किल्ली.

लॅमिंग्टन_गल्ली

वरचं सगळं बरोबर, पण ११ होममध्ये रिमोट डेस्कटॉपचा यजमान भाग नाहीच. होमवरून दुसरीकडे जोडता येतं, होमवर कुणाला येता येत नाही. म्हणजे सीजीनॅट नसतं तरी ३३८९ वर उत्तर द्यायला पीसीत कुणी नव्हतं.

पर्याय दोन. रोजचं काम असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विंडोज प्रो करून घ्या. आकडे भरायला आरडीपीसारखं (म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसारखं) चपळ काही नाही, आणि प्रिंट इथल्या प्रिंटरवर काढता येते. खर्च नको असेल तर रस्टडेस्क (लांबून पडदा दाखवणारं दुसरं ॲप) टाका, त्यात 'डायरेक्ट आयपी अॅक्सेस' चालू करा आणि टेलस्केलच्या आयपीवर जोडा. क्रोम रिमोट डेस्कटॉपही चालेल, त्याला तर टेलस्केलसुद्धा लागत नाही. होमवर आरडीपी चालू करून देणारे जुगाड नेटवर मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. विंडोजचं एखादं अपडेट आलं की मोडतात, आणि परवान्यात बसत नाहीत ते वेगळंच.

रस्टडेस्क किंवा क्रोमवाला मार्ग घेतलात आणि मॉनिटर बंद किंवा काढलेला असेल, तर काळा पडदा किंवा चिमुकलं रिझोल्यूशन दिसू शकतं. लॅमिंग्टन रोडवर एचडीएमआयचा डमी प्लग (मॉनिटर जोडलाय असं पीसीला भासवणारा) मिळतो, तो मागे खोचा. आरडीपी स्वतःचा पडदा बनवतं, तिथे त्याची गरज नाही.

ऑफिसच्या वायफायवर यूडीपी (टेलस्केलची थेट जोडणी ज्यावरून जाते ती वाट) बंद असेल तर टेलस्केल रिलेमार्गे, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, जातं. चालतं, पण माउस मागे राहतो. मग फोनचा हॉटस्पॉट लावून बघा.

इन्व्हर्टर_दादा

विजेचं मी सांगतो. पीसीच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असा पर्याय शोधा (बोर्डाप्रमाणे नाव थोडं वेगळं असतं) आणि 'पॉवर ऑन' करा. वीज आली की पीसी आपोआप सुरू होईल. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून ठेवा, कधीकधी बदलानंतर विंडोज ती मागतं. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, डिस्प्ले बंद झाला तर हरकत नाही.

यूपीएस असेल तर एक मेख आहे. बॅटरी उतरली म्हणून यूपीएसच्या सॉफ्टवेअरने पीसी नीट बंद केला, आणि यूपीएस पूर्ण संपायच्या आत वीज आली, तर पीसीच्या दृष्टीने वीज गेलेलीच नसते. तो बंदच राहतो. त्यासाठी वेक-ऑन-लॅन (बंद पीसी नेटवर्कवरून सुरू करायची सोय) तयार ठेवा: पीसी केबलने राउटरला जोडलेला, बायोसमध्ये ईआरपी (वीज वाचवणारी सेटिंग) बंद, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद. जागं करणारं पॅकेट घरातल्याच नेटवर्कमधून जावं लागतं, आणि बंद पीसीवर टेलस्केलही बंदच. म्हणून एखादी रास्पबेरी पाय (छोटा, कमी विजेचा संगणक) टेलस्केल लावून चालू ठेवा आणि तिच्यावरून पॅकेट सोडा.

राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी छोटा डीसी यूपीएस घ्या, पण आधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ चा निघणं काही दुर्मिळ नाही. आणि तुमच्या इमारतीत फायबर थेट घरात येते की गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबल येते ते बघा. लॅन असेल तर वीज गेल्यावर तो स्विचही झोपतो, मग घरचा यूपीएस काय करणार? त्याला बॅकअप आहे का ते केबलवाल्यालाच विचारा.

मुलुंड_पूर्व

प्रो केलं, टेलस्केल जोडलं, लॉगिनचा पडदा येतो. पण पासवर्ड चूक म्हणतो. रोज टाकतो तोच पिन टाकतोय.

तारजोड

पिन फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो. आरडीपीला मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लागतो, युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल. तरी नाकारलं तर घरी गेल्यावर सेटिंग्जमध्ये साइन-इन ऑप्शन्समध्ये 'फक्त विंडोज हॅलो साइन-इन' हा पर्याय बंद करा, साइन आउट करा आणि एकदा पिनऐवजी पासवर्डने आत या. तोवर मशीनला तुमचा पासवर्ड ठाऊकच नसतो. नंतर पुन्हा पिन वापरायला हरकत नाही.