अभ्यास सुरू करायचाय आणि देवाशी भांडायचंय, दोन्ही आईला ऐकू न जाता

मानेवरचा_माणूस

आधीच सांगतो, बोलून टाईप करतोय त्यामुळे कुठे काय उमटेल ते माझ्या हातात नाही (हातात तसं काहीच नाही, असो). मघाशी मणका म्हटलं तर फोनने मनुका लिहिलं, तीनदा ओरडून दुरुस्त केलं.

तर वय २६. मानेचा पाचवा मणका, सी-५, कम्प्लीट, म्हणजे त्याच्या खालचा मज्जारज्जूचा संपर्क पूर्ण तुटलेला. १६ महिने झाले. खांदे हलतात, कोपर वाकतं पण आपलं आपण सरळ होत नाही, मनगट आणि बोटं शून्य. अ‍ॅक्सिडेंट झाला तेव्हा गणिताच्या डिग्रीचं शेवटचं वर्ष चालू होतं, ते पूर्ण करायचंय. पण दिवसच पुरत नाही हो. सहाला उठतो, म्हणजे उठवतात, पोट साफ करणं, आंघोळ, कॅथेटर (लघवीची नळी), कपडे, खुर्चीत ट्रान्सफर, साडेदहा वाजतात आणि मी काहीच न करता दमलेला असतो. मग फिजिओ. मग जेवण, जेवल्यावर दमच पुरत नाही, दोन वाक्यं बोललो की थांबायला लागतं. आणि गणित बोलून लिहायचं कसं? वर्गमूळ म्हटलं की वर्गमूळ असा शब्द येतो, चिन्ह नाही येत. त्यात हल्ली टेबलाशी बसलो की अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं, चेहऱ्याला मानेला घाम, अंगावर काटा. घरचे म्हणतात अभ्यासाचं टेन्शन घेतो मी. असेल.

आता खरी गोष्ट. आई आत गेलीय म्हणून हळू बोलतोय. पूर्वी रात्री झोपताना दोन मिनिटं हात जोडायचो, फार मोठा भक्त वगैरे नव्हतो, सवय होती. आता आई माझे दोन्ही हात उचलते, तळव्याला तळवा लावते, वरून स्वतःच्या हातांनी धरून ठेवते आणि डोळे मिटते. माझी बोटं आत वळलेली असतात त्यामुळे तळवे नीट लागतच नाहीत, मध्ये पोकळी राहते. ती जीव तोडून काहीतरी मागत असते आणि मी आतून पेटलेला असतो, हात काढूनही घेता येत नाहीत. आधी असं काही झालं की मी डायरी लिहायचो. आता डायरी लिहायची म्हणजे मोठ्याने बोलायची. देवा तू नालायक आहेस हे आईच्या कानावर कसं घालू? मनातल्या मनात बोलून बघितलं, तिथे ते नुसतं गोल गोल फिरतं, लिहिल्यावर जसं बाहेर पडतं तसं पडत नाही.

ती आली परत. नंतर लिहितो पूर्णविराम (बघा, हे पण लिहिलं त्याने)

---

ओटी_ताई

देव आणि गणित दोन मिनिटं बाजूला ठेव. डोकं ठणकणं, मानेच्या वर घाम, अंगावर काटा हे टेन्शन नाही वाटत मला. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हा शब्द तुझ्या डिस्चार्ज पेपरवर असेल, बघायला सांग. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मार असलेल्या कुणालाही होऊ शकतो. खाली कुठेतरी शरीराला काहीतरी टोचतंय, तुंबलंय, पण तो निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी सटकन वर जातं. बहुतेक वेळा कारण मूत्राशय असतं, नळी मुडपलेली, बॅग भरलेली. नाहीतर पोट तुंबलेलं, बेडसोर, अगदी पायाच्या नखाचा कोपरा मांसात रुतला तरी पुरतं.

पुन्हा झालं की ताठ बसव म्हणायचं, अजिबात आडवं करायचं नाही, कमरेचं, पायाचं, बॅगेच्या पट्ट्याचं जे काही घट्ट आहे ते सैल करायचं आणि नळी वरपासून खालपर्यंत हाताने चाचपायची. बीपी मोजा आणि दर काही मिनिटांनी परत मोजत राहा. आणि इथेच लोक फसतात, तुझ्यासारख्यांचं रोजचं बीपी मुळात कमी असतं, वरचा आकडा ९० ते ११० च्या आसपास, त्यामुळे मशीनवर १३५ दिसलं की सगळे म्हणतात नॉर्मल आहे. तुझ्यासाठी ते नॉर्मल नाही. नेहमीपेक्षा २० ते ४० वर गेलं म्हणजे धोका. कारण सापडलं नाही किंवा उतरलं नाही तर थांबू नका, सरळ इमर्जन्सी, यात फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तिथल्या डॉक्टरने हे कधी पाहिलेलं नसेल असंही होतं, म्हणून एका कागदावर लिहून खुर्चीच्या खिशात ठेव. आज आईला हे वाचून दाखव, बाकीचं नको दाखवू हवं तर.

---

सकारात्मक_विचार

मित्रा धीर सोडू नकोस, देव त्याच्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. सगळं चांगलं होईल, फक्त विश्वास ठेव 🙏🙏

---

सी६_वाली

वरच्या दादांना, राग मानू नका, पण परीक्षेचा वेळ संपल्यावर पेपर घेतात, १९ वर्षं झाली माझा पेपर अजून कुणी घेतलेला नाही.

मानेवरच्या भावा, ताईंनी सांगितलेलं आधी कर. मग हे वाच.

वेळेचं म्हणशील तर पोटाचा कार्यक्रम सकाळीच पाहिजे असं काही नाही. मी तो संध्याकाळी नेला, थेरपिस्टला विचारून, सुरुवातीला पोटाने चांगलाच गोंधळ घातला मग लागलं नव्या वेळेला. सकाळचा दीड तास सुटला. दुसरं म्हणजे दम. आपले छातीच्या फासळ्यांमधले आणि पोटाचे स्नायू काम करत नाहीत, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यावरच श्वास चालतो, त्यात बसल्यावर पोट पुढे सुटतं आणि पडदा खाली लोंबतो. पोटाला बाइंडर, म्हणजे रुंद पट्टा, बांधून बस, आवाज लांब टिकतो, उठवल्यावर चक्कर येत असेल तर ती पण कमी होते. आडवं पडून श्वास सोपा जातो हे तुझ्या लक्षात आलं असेलच, मी पाठांतर बेडवर करते आणि बोलून लिहायचं काम बसून, पण जेवायच्या आधी.

आणि बेडसोरसाठी खुर्ची मागे कलवतोस ना दर अर्ध्या तासाला? मला त्या दोन मिनिटांचा भयंकर राग यायचा, वाचनाची लिंक तुटते म्हणून. मग मी तेच घड्याळ केलं. अर्धा तास वाचायचं, खुर्ची मागे, डोळे मिटून आत्ता वाचलेलं छताला समजावून सांगायचं. छताला कळलं नाही तर परत वाचायचं. माझी एमए अशीच झाली.

गणितासाठी लाटेक शीक, कॉम्प्युटरवर गणित लिहायची पद्धत आहे ती. त्यात वर्गमूळ, अपूर्णांक, बेरजेची ती वाकडी खूण, सगळं साध्या अक्षरांत लिहितात, चिन्ह काढावं लागत नाही, म्हणजे बोलून लिहिता येतं. कच्चं काम मात्र कुणाच्या तरी हाताने करावं लागेल आणि ते सोपं नाही. माझी भाची लिहायला बसायची, मी म्हणायचे एक्स अधिक एक भागिले दोन, तिने नुसत्या एकाखाली दोन लिहिला, मला अख्ख्याखाली हवा होता, पुढची दोन पानं चुकली आणि दोघी रडलो. कंस सुरू, कंस बंद, हे तोंडात बसवायलाच महिना लागतो. परीक्षेला लेखनिक मिळणार असेल तर आधीपासून त्याच्याबरोबर सराव मिळतो का ते विचार.

देवाचं काय सांगू. पहिल्या वर्षी एकजण घरी आले, माझ्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली, मी उठले नाही तर जाताना आईला म्हणाले पोरीची श्रद्धा कमी पडते. आईने त्यांना चहा दिला नाही एवढंच समाधान. तेव्हापासून मी कितीतरी दिवस देवाचं नाव घेतलं नाही. परत सुरू झालं ते रात्री दोनच्या सुमारास, कूस बदलायला बहीण उठायची, बदलून ती झोपून जायची आणि मला पुढे झोप यायची नाही. त्या अंधारात कुणीतरी जागं आहे असं धरून मी बोलायला लागले. गोड काही नव्हतं त्यात, तक्रारीच होत्या. हात जोडलेच पाहिजेत असं मला आता वाटत नाही, पापण्या मिटल्या तरी चालतं, तेवढं आपलं आपल्याला जमतं ना.

---

चाकांवरचा_नास्तिक

माझी देवाशी ओळख नाही त्यामुळे मध्यस्थी करू शकत नाही, पण तू विचारलंयस ते मला नीट कळलं. प्रश्न देवाचा नाहीच, दार लावून लिहिता येत नाही हा प्रश्न आहे. आपलं सगळं सगळ्यांसमोर चालतं, अंगही आणि आता मनही.

मी सी-४, खांदे जेमतेम उडवता येतात. मानेने टाईप करतो. लॅपटॉपचा कॅमेरा नाकाची नाहीतर चेहऱ्याची हालचाल बघतो आणि पॉइंटर हलवतो, स्क्रीनवर कीबोर्ड, एका अक्षरावर क्षणभर थांबलं की क्लिक. कॅमेरा माऊस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, बोस्टन कॉलेजात तयार झालेलं. अ‍ॅण्ड्रॉइडवर २०२१ पासून भुवया उडवून किंवा हसून फोन चालवायची सोय आहे, पण मला ते जमलं नाही, रागात लिहिताना दर शब्दाला हसायचं म्हणजे शिक्षाच. मराठीत जोडाक्षरं जीव काढतात, "स्वातंत्र्य" लिहीपर्यंत मान आखडते. तरी आवाज होत नाही. मध्यरात्री, अंधारात, शेजारी माणूस झोपलेला असताना मी जगाला पानंच्या पानं शिव्या दिल्यात आणि सकाळी फाईलला पासवर्ड.

---

मुलाची_आई

मी या बाजूची आहे. माझा मुलगा सी-५, आठ वर्षं झाली. बाळा, आईला कळतं रे. तू हात धरून देतोस पण मनाने तिथे नसतोस हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. ती हात का धरते सांगू? दिवसभर तुझ्या अंगाला तिचा जो हात लागतो तो कामाचा असतो, पुसायला, वळवायला, नळी लावायला. ती दोन मिनिटं कामाची नसतात. मला तरी तसं होतं.

पण म्हणून तू सहन कर असं नाही म्हणत मी. सरळ सांग, आज नको. माझ्या मुलाने एकदा सांगितलं, मी बाथरूममध्ये जाऊन रडले, अर्ध्या तासाने बरं वाटलं, कारण इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा कशाला तरी नाही म्हटलं होतं. आणि तिलाही खोलीबाहेर जायला निमित्त हवं असतं. बोलल्यावर तिच्या फोनला रिंग जाईल अशी सोय करून दे, मग ती निर्धास्त बाहेर जाईल, नाहीतर दाराआडच बसून राहते आमच्यासारखी.

श्रद्धेचं म्हणशील तर जोनी एरिक्सन टाडा माहीत आहे का, अमेरिकेतली. १९६७ साली वयाच्या १७ व्या वर्षी पाण्यात सूर मारला आणि मान मोडली. दातात ब्रश धरून चित्रं काढते, देवावर तिचा ठाम विश्वास आहे. पण सुरुवातीला जगायचंच नव्हतं, देवावर संतापले होते हे तिनेच उघड सांगितलंय. तेव्हा भांडलास म्हणून देव बाटत नाही.

---

ओटी_ताई

नास्तिक दादा, छान लिहिलंत, पण हा सी-५ आहे, याला मानेने कशाला? खांदा आणि कोपर चालतंय. मनगटाला आधार देणारा स्प्लिंट, त्यात तळव्यावर एक खाच, खाचेत रबरी टोकाची काडी. टॅबलेट तिरका आणि जवळ, हात जड वाटला तर कोपराखाली आधार. हात पुढे ढकलायचं काम खांद्याने करायचं, कारण कोपर सरळ करणारा स्नायू नाहीये तुझ्याकडे. पहिला आठवडा वैताग येईल. काढल्यावर कातडी बघायला सांग, लाल डाग लवकर गेला नाही तर पट्टा घट्ट आहे.

डोक्याचं काय झालं ते कळव.

---

मानेवरचा_माणूस

तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी.

ताई, नळीच होती. टेबल पुढे ओढलं की त्याची कड मांडीवर यायची आणि नळी मांडी आणि खुर्चीच्या मध्ये दबायची. वरचा आकडा १४८ होता, माझा नेहमीचा ९६. नळी मोकळी केल्यावर काही मिनिटांत उतरला. मग डॉक्टरांना पण दाखवून आलो. इतके दिवस सगळे मला टेन्शन घेऊ नको म्हणत होते आणि मी पण ऐकत होतो. आता टेबल उंच केलंय, कागद खुर्चीच्या खिशात आहे.

सी६ ताई, बाइंडरने खरंच फरक पडला. छताला कॅल्क्युलस कळायला लागलंय.

स्प्लिंट आला. रात्री आई काडी बांधून देते, पट्टा बघते, टॅबलेट लावते आणि बाहेर जाते, फोन तिच्याकडे असतो. हात जोडायचं बंद झालंय, आज नको म्हटलं होतं, तिने दुसऱ्या दिवशी परत विचारलं नाही. पहिल्या रात्री एक ओळ लिहायला अकरा मिनिटं लागली, ओळ इथे सांगण्यासारखी नाही. काल दोन पानं झाली, सगळ्या शिव्याच आहेत असं नाही त्यात.

काडी सोडवताना तिने विचारलं एवढं काय लिहितोस. म्हटलं गणित. ती म्हणाली बरं, उत्तर आलं की मला पण सांग.